दोरात अडकलेला पाय

डिसेंबरातली सकाळ, एका शाळेचा वर्धापनदिन, आणि मैदानावर आमचा गरम हवेचा फुगा बांधून उडवायचं काम. पायलट मी. बास्केटला तीन दोर, ते दोन जीप आणि एका टेम्पोला बांधलेले. बर्नर दिला की 100 फूट वर, वरचं झाकण उघडणारी वेंटची दोरी ओढली की खाली, पुढची चार माणसं चढली की परत वर. खरं सांगायचं तर मला हे काम आवडत नाही. मोकळा फुगा वाऱ्याबरोबरच जातो, त्यामुळे आतल्याला वारा लागत नाही. बांधलेला फुगा मात्र वाऱ्याच्या थपडा खातो.

रांगेत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते, गळ्यात दुर्बीण. तोफखान्यातून निवृत्त झालेले मेजर. गोळे कुठे पडतात ते टेकडीवर बसून कळवण्यात निम्मी नोकरी गेलेली. बास्केटमध्ये पाय टाकतानाच म्हणाले, "मला देखावा नको. इथून शत्रू मोजता येतो का, ते बघायचंय."

वर गेल्यावर त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या बस मोजायला घेतल्या. बास्केट सारखी गर्रकन वळायची, दुर्बिणीतून बस निसटायची. पहिल्यांदा 14 भरल्या, मग 17, मग पुन्हा 14. त्यांनी तिन्ही आकडे खिशातल्या डायरीत लिहिले.

"फ्लेरूसच्या लढाईत फ्रेंचांचा कूतेल असाच बांधलेल्या फुग्यात नऊ तास वर होता रे," ते म्हणाले. "26 जून 1794. समोर ऑस्ट्रियाची फौज, शेजारी जनरल मोर्लो. चिठ्ठ्या लिहायच्या आणि खाली सोडायच्या."

"नऊ तास? साहेब, माझे सिलिंडर तासा-दीड तासात रिकामे होतात."

"त्याच्याकडे आग होतीच कुठे? हायड्रोजन होता."

हे मला ऐकून माहीत होतं, पण कधी डोक्यात उतरलं नव्हतं. एक घनमीटर हायड्रोजन किलोभर वजन सहज उचलतो. माझी गरम हवा पाव किलोवर थकते, आणि तीही सतत तापवत ठेवावी लागते. तो गॅस करण्याची फ्रेंचांची तऱ्हा तर ऐकण्यासारखी होती. आम्लापासून करायचा तर गंधक लागणार, आणि गंधक तोफेच्या दारूसाठी राखलेलं. म्हणून भट्टीत लोखंड लालभडक करून त्यावरून पाण्याची वाफ सोडायची. इतक्या खटपटीने भरलेला फुगा रिकामा कोण करणार? मोबज गावाहून शार्लरवा गावापर्यंत शिपायांनी तो तसाच, फुगलेला, दोर हातात धरून चालत नेला. मी खाली माझ्या तीन गाड्यांकडे बघितलं आणि त्या शिपायांचे तळहात आठवावेत तसे डोळ्यांपुढे आले.

आठच्या सुमारास ऊन चढलं आणि वाऱ्याचे झोत यायला लागले. ही शेवटची फेरी असं ठरवून मी खाली आणत होतो. बास्केट जमिनीपासून दहा-बारा फुटांवर असेल. टेम्पोचा दोर सैल पडून गवतात वेटोळं करून पडला होता आणि शाळेचे शिपाईमामा फोटो काढायच्या नादात नेमके त्या वेटोळ्यात उभे.

मी काही बोलायच्या आत मेजर ओरडले, "मामा, पाय!" आवाज परेडचा. मामा दचकून बाजूला झाले. एक चप्पल तिथेच राहिली. त्याच क्षणी झोत आला, फुगा कलंडला, दोर ताडकन ताणला आणि चप्पल उडून जीपच्या काचेवर आपटली. मी फुगा झटकन रिकामा करणारी लाल दोरी ओढून धरली, पोरांनी बास्केटवर अंग टाकलं. कापड आडवं होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. वेटोळ्याकडे लक्ष ठेवायला तिथे माणूस उभा करणं माझं काम होतं. मी केला नव्हता.

चहा पिताना मेजरांनी ब्रायनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1862, यॉर्कटाउन. उत्तरेच्या फौजेतल्या फुगेवाल्या लोवकडे हायड्रोजनचे फुगे आणि गाड्यांवरची गॅसयंत्रं. दक्षिणेकडे सुती कापडाचा फुगा, आणि हवा तापवायला टर्पेंटाइन शिंपडलेल्या पाइनच्या गाठी. म्हणजे माझ्याच जातीचा. ब्रायन हा दक्षिणेच्या फौजेतला, तिथला मुलूख माहीत असलेला तरुण. वर जाऊन शत्रूच्या ठाण्यांचा नकाशा काढायचं काम त्याच्याकडे. पहिल्याच उड्डाणानंतर त्याने सुटका मागितली, तर त्याच्या फौजेच्या जनरल जॉन्स्टननी साफ नाही म्हटलं. अनुभवी माणूस आता तोच एक!

पुढे एका रात्री तो वर असताना खाली बघ्यांपैकी एकाचा पाय दोराच्या वेटोळ्यात अडकला. सोबत्याने कुऱ्हाडीने दोरच तोडला. पाय वाचला, ब्रायन मात्र अंधारात मोकळा. वाऱ्याने नेलं तिकडे गेला, आपल्याच लोकांच्या गोळ्या चुकवल्या, कसाबसा परतला.

"म्हणून ओरडलात?" मी विचारलं.

"छे. वेटोळ्यात उभं राहायचं नसतं, एवढंच," ते म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

सामान भरून निघताना मी रस्त्यावरून चालत जाऊन बस मोजल्या. 16. त्यातल्या दोन वडाखाली उभ्या होत्या.