शिवाजी पेठ ते राजारामपुरी, सव्वा तास

शिवाजी पेठेतून राजारामपुरीच्या क्लासला जायला आमच्या पोराला सायकलनं पंधरा-वीस मिनिटं पुरायची. नववीच्या दिवाळीनंतर त्याच वाटेला सव्वा तास लागायला लागला. सरांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. नवरा म्हणाला, कुठंतरी कट्ट्यावर बसत असणार.

एका संध्याकाळी पतसंस्थेतून लवकर सुटले आणि त्याच्या मागं मागं गेले. उभ्या मारुतीच्या देवळापाशी तो थांबला, सायकल लावली, चप्पल काढली, हात जोडले. सायकलवर बसून दहा-वीस फूट गेला आणि परत फिरला. पुन्हा चप्पल, पुन्हा हात. ओठ हलत होते. अकरा वेळा मी मोजलं. बाराव्यांदा वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढं बिनखांबी गणेश होताच, मधल्या बोळांतली देवळं वेगळी. दर देवळापुढं ज्याला अडकायचंय त्यानं कोल्हापुरात घराबाहेर पडायचं तरी कसं?

सांगायला लाज वाटते, पण तोवर मला याचं कौतुक होतं. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, गल्लीभर सांगायच्या, "नातवाला देवाचं लई वेड." आंघोळ करून अर्धा अर्धा तास देव्हाऱ्यापुढं बसणारं पोरगं कुणाला नको असतं?

त्या रात्री खोदून विचारल्यावर तो बोलला. "हात जोडले की मनात देवीला घाण शिवी येते गं. मी देत नाही, आपोआप येते. शिवी न येता नमस्कार झाला नाही तर तुला नाहीतर पप्पांना काहीतरी होणार." आणि मग, "आई, मी वाईट आहे का?" मी जवळ घेऊन म्हटलं, नाही रे राजा. पाच मिनिटांनी तोच प्रश्न. पुढं पुढं हा प्रश्न दिवसाला चाळीस-पन्नास वेळा यायचा आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर द्यायची.

मधले दोन महिने वायाच गेले. आत्तींनी जोतिबाला नेलं, कुणाचा तरी अंगारा आणला. नवऱ्याचं मत, दोन लाफे दिले की येईल ताळ्यावर. एका डॉक्टरांनी वयात येताना होतं असं, म्हणून टॉनिक लिहून दिलं. शेवटी एका रात्री दोन वाजता पोरगं रडायचं थांबेना, तेव्हा 14416 ला फोन लावला. टेलिमानसचा हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, याला ओसीडी म्हणतात, आपल्याकडं मंत्रचळ म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआर या सरकारी दवाखान्यातही हा विभाग आहे. आम्ही खाजगीत गेलो, कारण नवऱ्याला ओळखीचं कुणी भेटायला नको होतं.

डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं. नंतर मला सांगितलं, की दहा प्रश्नांची एक मोजपट्टी असते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 40. याचे 27 आले होते, म्हणजे आजार तीव्र. असे नको ते विचार येतात सगळ्यांनाच, ते म्हणाले. बाकीचे झटकून पुढं जातात, याचं मन तिथंच अडकतं. आणि 1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी या आजारावरच्या, भीतीला मुद्दाम सामोरं जायच्या उपचाराची सुरुवात केली तेव्हा त्यांच्या पेशंटांत देवाविषयीच्या अशाच विचारांनी बेजार झालेली एक बाई होती. हे ऐकून पोराचा चेहरा बदललेला मी पाहिला. साठ वर्षांपूर्वी, लंडनात, कुणा बाईला हेच!

गोळी सर्ट्रालिन, 25 मिलिग्रॅमपासून, हळूहळू वाढवत. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, मनानं बंद करायची नाही, आणि सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार बोलून दाखवतोय का यावर डोळा ठेवायचा. पहिले काही आठवडे मी त्याच्याच खोलीत झोपले.

खरं काम गोळीच्या जोडीनं चालायचं. भीती वाटेल ते मुद्दाम करायचं आणि नंतरचा 'उपाय' करायचा नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या पाडल्या. एका पायरीला त्याला ती शिवी कागदावर लिहायची होती. त्यानं लिहिली, मुंगीएवढ्या अक्षरात, पानाच्या अगदी कोपऱ्यात. डॉक्टर म्हणाले, मोठी लिही. तीन बैठकांनी ती पानभर झाली, मग रोज मोठ्यानं वाचायची. आत्तींना हे कळल्यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरांनी त्यांनाच बोलावून घेतलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही देवळात किती वेळा हात जोडता?" "एकदाच की." "मग ह्यालाही एकदाच. मनात काय आलं ते बघायचं नाही." आत्ती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एकदाच म्हणजे एकदाच," आणि त्या दिवसापासून घरात सगळ्यात कडक त्याच झाल्या.

अवघड गेलं ते मला. "मी वाईट आहे का?" याला उत्तर द्यायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उत्तर दिलं की त्याला घटकाभर बरं वाटतं आणि आजाराला खाऊ मिळतो. म्हणायचं काय, तर "असशीलही, नसशीलही." स्वतःच्या पोराला असं म्हणायला जीभ रेटत नाही. पहिल्या दिवशी त्यानं पितळेचा तांब्या आपटला. "तूच म्हणतेस ना वाईट आहे!" तांब्याला अजून पोचा आहे. मी मोरीत जाऊन रडले आणि बाहेर येऊन पुन्हा तेच म्हटलं. आठवड्याभरात प्रश्न निम्म्यावर आले, महिन्यानं दिवसाला पाच-सहा.

अंबाबाईचं देऊळ शेवटच्या पायरीवर होतं. शुक्रवारची गर्दी, तो रांगेत पुढं, मी मागं. हात जोडले, बाहेर आला, घाम फुटलेला. महाद्वारातून दोनदा मागं वळून बघितलं, परत मात्र गेला नाही. घरी येईतो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रात्री म्हणाला, शिवी आली होती.

आता दहावी झाली. परीक्षेच्या महिन्यात पुन्हा थोडं उसळलं होतं. परवाची मोजणी 9 आली. क्लासला वीस मिनिटं लागतात, कधी पंचवीस. गोळी अजून चालू आहे, बरं वाटलं तरी वर्षभर तरी घ्यायचीच असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. पुढची तारीख श्रावणातली आहे. त्या महिन्यात घरात उपास, पूजा, देवदर्शन जास्त, तेव्हा नीट लक्ष ठेवा म्हणालेत. आत्तींनी कॅलेंडरवर श्रावणाच्या पानावर आत्ताच पेन्सिलीनं एकचा आकडा घालून ठेवलाय.