चौकटीतले फूल

दिवसभर पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने चाळिशीत रस्ट ही तशीच दुसरी, नवी भाषा शिकायला घ्यावी, याला हौसेखेरीज दुसरे कारण सापडणार नाही. यापूर्वी दोनदा मी ती शिकायला घेतली होती आणि दोन्ही वेळा तापमान बदलण्याची, आकडा ओळखण्याची उदाहरणे सोडवून झाल्यावर सोडून दिली होती. सेल्सिअसचे फॅरेनहाइट केल्याने सोलापूरच्या मे महिन्यात कोणाला गारवा मिळत नाही. तिसऱ्या खेपेला मात्र काम घरातच सापडले. आजीच्या वेळची सोलापुरी चादर विरत चालली होती. तिच्यावरचे फूल पूर्ण विरण्याआधी चौकटी-चौकटीने रस्टच्या प्रोग्राममध्ये टिपून ठेवावे, असे मनात आले.

सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, या विद्येचे नावीन्य नाही. जॅकार्डच्या मागावर नक्षी पुठ्ठ्यांवर भोके पाडून लिहिलेली असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो आणि मधल्या फटीतून धोटा पलीकडे जातो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने ही रचना १८०४ च्या सुमारास बसवली, आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी असेच पुठ्ठे योजले. शाळेतून येताना खिडकीतून ज्या पुठ्ठ्यांची माळ सरकताना पाहत असे, तो प्रोग्राम होता हे मला नोकरी लागल्यावर कळले.

फुलाचा अर्धा भाग टिपून उरलेला आरशातल्यासारखा उलटवायचा होता. आधी सगळ्या ओळी छापून पाहिल्या आणि मग त्याच उलटवायला घेतल्या, तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा, अडून बसला: ही नक्षी तुमच्याकडे राहिलेलीच नाही, वरच्या ओळीत तुम्ही ती देऊन टाकली आहे. रस्टमध्ये प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक असतो. नक्षी एकेक ओळ छापत फिरणाऱ्या लूपच्या हवाली केली की ती त्याची होते, आणि लूप संपला की तीही संपते. परत हवी असेल तर नावाआधी अँडचे चिन्ह (&) लावून ती उसनी द्यावी लागते. नुसती पाहायला कितीही जणांना द्यावी. बदलायला द्यायची तर मात्र एकालाच, आणि तेवढ्या वेळात इतरांनी तिच्याकडे पाहायचेही नाही. त्या एका चिन्हापायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

पुढची ठेच अधिक बोलकी होती. ओळीतल्या पहिल्या घराच्या, म्हणजे चौकटीच्या, डावीकडचे घर शोधताना शून्यातून एक वजा झाला आणि प्रोग्राम जागीच थांबला, कारण रस्टमध्ये घराचा क्रमांक उणे असूच शकत नाही. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचे घर. तिथे फुलाची डावी कड गुपचूप उजवीला जाऊन चिकटली असती आणि नक्षीच तशी आहे, असे मी धरून चाललो असतो. रस्टच्या खाष्टपणाबद्दल माझे मत त्या दिवशी बदलले. ही भाषाही ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःचा प्रकल्प म्हणून सुरू केली होती आणि तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ मध्ये आली; त्या मानाने एका फुलाला तीन महिने म्हणजे फार नव्हेत.

फूल पूर्ण झाल्यावर कागदावर छापून शेजारच्या काकांना दाखवायला नेले. त्यांचे आयुष्य मागावर गेलेले. त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"छान गोल आलंय," ते म्हणाले, "पण मागावर लांबोडकं होईल बघ."

मला कळेना. त्यांनी चादर मागवली, तिच्यावर घडीचे छोटे भिंग ठेवले आणि सुईच्या टोकाने एक-एक धागा सरकवत इंचभरातले उभे धागे मोजले, मग आडवे. उभे जास्त भरले. म्हणजे कापडावरची चौकट चौरस नव्हतीच. ती अरुंद आणि उंच होती, आणि मी मात्र सगळी घरे पडद्यावरच्यासारखी चौरस धरून बसलो होतो.

रात्री दोन्ही आकडे प्रोग्राममध्ये घातले. पूर्णांक आणि दशांश असे थेट गुणता येणार नाहीत, असे कंपायलरने लगेच बजावले.