कागदावर ‘वेबर बी’ लिहिलंय, पुढे काय?

घोटा मोडलेला पेशंट फिजिओथेरपीला येतो तेव्हा त्याच्या कागदावर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘वेबर बी’. आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मी पहिल्यासारखं कधी चालणार?’ त्या दोन शब्दांवरून उत्तर देणं मला पटत नाही.

घोट्याच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडणारी वेबरची पद्धत पाहते एवढंच की बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, कुठे मोडलंय. नडगी आणि फिब्युला खाली जिथे लिगामेंटने बांधलेले असतात, त्याच्या खाली मोडलं तर ए, त्याच पातळीवर बी, वर सी. लाउगे-हान्सेन या डॅनिश डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास मृतदेहांच्या पायांवर प्रयोग करून वेगळा विचार मांडला: पाऊल कसं टेकलेलं होतं आणि जोर कुठून आला. कोणतं लिगामेंट आधी तुटलं असेल याचा त्यातून अंदाज येतो, पण एकच एक्स-रे पाहून दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही.

खरी मेख ‘बी’मध्ये आहे. आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट शाबूत असेल तर सांधा स्थिर राहतो. ते तुटलं की टॅलस, म्हणजे नडगीच्या खाली घोट्यात बसणारं हाड, आपल्या चौकटीतून बाहेर सरकू शकतं. रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तरी हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. एक मिलिमीटर! आणि झोपवून काढलेल्या एक्स-रेत टॅलसची जागा कधीकधी अगदी ठीक दिसते, म्हणून उभं राहून, वजन देऊन काढलेल्या एक्स-रेला मी फार मोल देते. स्थिर ‘बी’ला तर ३ आठवडे आधार दिला तरी ६ आठवड्यांइतकाच चांगला निकाल येतो, हे फिनलंडच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं.

बाकीचं भाकीत हाडापेक्षा माणसावर. वय चाळिशीच्या आत, मधुमेह नाही, सिगारेट नाही, तर वाट सोपी. नडगीच्या खालच्या टोकाचा मागचा तुकडाही मोडला असेल किंवा सांधा निखळला असेल, तर मी आधीच सांगून ठेवते की वेळ लागेल.

मी स्वतः भरवसा ठेवते तो भिंतीवर. पाऊल भिंतीपासून थोडं लांब, टाच जमिनीला घट्ट, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर लांब नेता येतो, ते दोन्ही पायांचं मोजते. फरक जास्त असला की जिना उतरताना पेशंट हमखास पाऊल बाहेर वळवतो. प्लास्टर निघाल्यावर सूज ओसरते, दुखणं कमी होतं, पण हे सेंटिमीटर मागे रेंगाळतात.

म्हणून डॉक्टरांकडून निघताना एवढं विचारून घ्या: आतली बाजू शाबूत आहे का, मागचा तुकडा मोडला होता का, आणि पायावर वजन कधीपासून द्यायचं. उत्तरं त्याच कागदावर लिहून आणा.