मार्क नवांगानितवासे: दोन्ही घरांविरुद्ध खेळलेला विंगर

सिडनीत येऊन क्रिकेट सुटलं नाही, पण हिवाळ्यातले शनिवार-रविवार रग्बीने बळकावले. त्यातही एका पोराचा सामना मी सहसा चुकवत नाही. मार्क नवांगानितवासे, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू. जन्म 2000 चा, इथलाच. वडील फिजीचे, आईकडून इटालियन.

नोव्हेंबर 2022 मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून पहिला कसोटी, म्हणजे रग्बीतला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो फ्लॉरेन्समध्ये, इटलीविरुद्ध. आजोळच्या देशात पदार्पण, आणि नेमकं त्याच दिवशी इटलीने ऑस्ट्रेलियाला इतिहासात पहिल्यांदा हरवलं, 28-27 असं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या विश्वचषकात समोर वडिलांचा देश. त्या सामन्यातला मार्कचा ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) मी कितीदा तरी पाहिलाय. चेंडू रेषेबाहेर गेला होता. असा चेंडू परत आत फेकताना खेळाडू रांगा लावून उभे राहतात, पण फिजीचे खेळाडू रांग लावायच्या आत याने चेंडू उचलला, सामू केरेव्हीकडे झटकन फेकला, धावता धावता परत घेतला आणि गोलरेषेपलीकडे टेकवला. केरेव्हीसुद्धा मूळचा फिजीचाच! पण सामना फिजीने 22-15 जिंकला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांचा 1954 नंतरचा हा पहिला विजय.

इथे लिव्हरपूल भागात फिजीहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा 1879 ते 1916 या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत गेलेले. आमच्या ओळखीच्या एक काकू फिजी जिंकली की शेजारीपाजारी मिठाई वाटतात, पण मार्कचा विषय निघाला की "अपनाच लडका" म्हणतात. मला ते अगदी पटतं.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो सात जणांची रग्बी खेळला. उपांत्य फेरीत पुन्हा फिजी, पुन्हा हार. आणि त्यानंतर त्याने खेळच बदलला. पंधरा जणांचं युनियन सोडून तेरा जणांच्या लीगमध्ये, सिडनी रूस्टर्स या क्लबकडे. 2027 चा युनियनचा विश्वचषक ऑस्ट्रेलियातच व्हायचा असताना हा गेला म्हणून इथे बरेच जण हळहळले. मला मात्र त्याचा निर्णय योग्यच वाटतो. विंगरच्या पायांतला वेग फार वर्षं टिकत नाही. तो आहे तोवर जिथे जास्त चेंडू हाताला लागतो तिथे खेळावं.

लीगमध्ये सहाव्या टॅकलला (चेंडूवाल्याला धरून पाडलं की एक टॅकल) चेंडू सोडावा लागतो, म्हणून पाचव्यानंतर बहुतेक वेळा तो लाथेने उंच मारतात, कोपऱ्याकडे. मार्क तिथेच असतो. दोघे बचावपटू खाली वाट बघत उभे, आणि हा पळत येऊन त्यांच्या डोक्यांवरून हात घालतो. कधी एकाच हाताने झेल, आणि अंग पूर्ण मैदानाबाहेर हवेत तरंगत असताना चेंडू मात्र रेषेच्या आत टेकवलेला. एक पाय जरी बाहेर टेकला तरी ट्राय रद्द, त्यामुळे पंच रीप्ले बघेपर्यंत सगळं स्टेडियम उभं.

मार्च ते सप्टेंबरमध्ये कुणी इकडे येणार असाल आणि तो रूस्टर्सकडे असेल, तर मूर पार्कच्या स्टेडियममध्ये कोपऱ्यातल्या झेंड्याजवळचं तिकीट काढा. मधल्या महाग जागांवरून हे दिसत नाही.