पट्टी सरकवली की झालं

रविवारी दुपारी भाची घरभर गिटारचा कॅपो शोधत होती आणि तो सापडला शेवेच्या पुड्याला. आमच्या आईने "चांगला चिमटा शे" म्हणून लावून टाकलेला. तसं तिचं काही चुकलं नाही, आहेच तो चिमटा, आतून रबर लावलेला. गिटारच्या मानेवर चढवला की सहाच्या सहा तारा एकदम दाबल्या जातात, वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो, एका घराला, म्हणजे दोन फ्रेटमधल्या जागेला, अर्धा स्वर. बोटं तीच. जी कॉर्डचा आकार धरून दुसऱ्या घरावर कॅपो लावला की ऐकू ए येतो, पोरगी आपली जीच धरून निवांत.

तिने तो आधी घराच्या मधोमध लावला, तर जाड तार खर्रर करायला लागली. पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे सरकवला, फ्रेटवर नाही, तेव्हा कुठे आवाज मोकळा झाला. लावल्यावर परत एकदा ट्यून बघायची, चिमटा फार घट्ट असला तर तारा जरा चढ्याच बोलतात.

मी तिला म्हटलं, सी धरून पहिलं घर म्हणजे आपली काळी एक, जी धरून तिसरं म्हणजे काळी पाच. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "मामा, तुम्ही कुठल्या गिटारचं सांगताय?"

गिटारचं नाहीच, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सुरांचं. आमच्या आप्पांची पेटी स्केलचेंजरची होती, सगळी पट्टीच बाजूला सरकायची. एकादशीच्या भजनाला बुवा कुठूनही सुरुवात करायचे, आप्पा एका बोटाने हळूच सूर चाचपायचे, पट्टी सरकवायचे आणि ओळखीच्या जागेवरून वाजवायला लागायचे, मान वर न करता. बोंब व्हायची ती पखवाजवाल्याची. त्याला नव्या सुरात यायला हातोडी घेऊन वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागायचं, वर डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाळलेली. तो आप्पांकडे असा बघायचा की बास. कॅपो म्हणजे शिकाऊंची पळवाट असं म्हणणारे भेटतात ना, त्यांना मला त्या पखवाजाशेजारी बसवायचंय. गाणाऱ्याचा गळा जिथे आहे तिथे साथ गेली पाहिजे, त्यात कसली आलीय पळवाट. आमच्याकडे कानबाईच्या सणाला रात्रभर गाणाऱ्या बाया तर पेटीच घेत नाहीत, एकीने उचललं की तोच सूर, विषय संपला.

बुवा आधी काळी दोनमध्ये गायचे. मी कॉलेजला जायच्या सुमारास पांढरी दोन झाली, मग काळी एक, दर वेळी अर्धा स्वर खाली. आप्पा दर वेळी न बोलता पट्टी सरकवत गेले, बुवांनीही कधी विचारलं नाही की आज एवढं सोपं कसं जातंय. मला हे कळायलाही बरीच वर्षं गेली.

कॅपोला हे जमत नाही. तो फक्त वर चढवतो. खाली यायचं तर तारा उतरवायला लागतात, आणि मे महिन्यात आमच्या खान्देशात त्या तशाही आपोआप उतरतात.