ओलिसांच्या घरातले गाणे

अ‍ॅन पॅचेट यांच्या ‘बेल कांटो’ (२००१) या कादंबरीला पेरूची राजधानी लिमा येथील जपानी राजदूतांच्या निवासस्थानी डिसेंबर १९९६ पासून १२६ दिवस चाललेल्या ओलीस प्रकरणाची पार्श्वभूमी आहे. कादंबरीतला देश मात्र निनावी आहे. उपराष्ट्राध्यक्षांच्या घरात अडकलेल्या, एकमेकांची भाषाही न जाणणाऱ्या माणसांना रॉक्सॅन कॉस या ऑपेरा गायिकेचे गाणे हळूहळू जवळ आणते. दुभाषा गेन रात्री भांड्यांच्या कोठीत ओलीस धरणाऱ्या बंडखोरांपैकी कार्मेन या मुलीला लिहायला-वाचायला शिकवतो, ते प्रसंग मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण पहारा देणारीच तिथे ओलिसाची विद्यार्थिनी होते. लिमात ओलीस धरणारे चौदाही बंडखोर मारले गेले आणि पॅचेट यांनीही तो क्रूर शेवट टाळलेला नाही. उपसंहार मात्र मला घाईचा वाटला.