तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाची उजवी बाजू मोकळी का?

सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला विचारतो, टेकडीवर फिरायला आलेले आजोबा विचारतात, माउंटन बाइक चालवणारे तर हमखास विचारतात. फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, दुसरा पाय कुठे गेला? आणि कॅननडेल या सायकल कंपनीचा हा लेफ्टी, म्हणजे फक्त डाव्या पायाचा फोर्क, दुसऱ्याच कंपनीच्या फ्रेमला कशाला बसवलात? उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी भीतीचं बोलू. एका बाजूने धरलेलं चाक आपल्याला नवीन नाही. बजाज चेतकचं पुढचं चाक असंच होतं आणि त्यावर अख्खं कुटुंब बसून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं. चेतकची ही रचना व्हेस्पाकडून आली, आणि व्हेस्पाचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो मूळचे विमानं आणि हेलिकॉप्टरं करणारे इंजिनिअर. एका दांड्यावर चाक पेलण्याची कल्पना त्यांनी विमानाच्या चाकांवरूनच उचलली. लेफ्टीतसुद्धा नेहमीच्या फोर्कचा एक पाय कापून टाकलेला नाही. त्याची बाहेरची नळी मनगटाएवढी जाड असते आणि हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) वर एक, खाली एक अशा दोन क्लॅम्पमध्ये आवळलेली असते.

माझं मन मात्र बसलं ते आतल्या कामावर. साध्या सस्पेन्शन (धक्के शोषणाऱ्या) फोर्कमध्ये गोल नळ्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या गुळगुळीत अस्तरात, सरकतात. सरळ दाबलं तर छान चालतं. पण पुढचा ब्रेक दाबलात की चाक मागे ओढलं जातं, नळ्या बुशमध्ये तिरक्या रेटल्या जातात आणि घर्षण वाढतं. नेमकं त्याच वेळी, उतारावर, खडबडीत जागी, फोर्क अडखळतो. शिवाय गोल नळी स्वतःभोवती फिरू शकते, म्हणून दोन पाय लागतात आणि ते आर्चने (कमानीने) आणि ॲक्सलने (आसाने) एकमेकांना बांधावे लागतात.

लेफ्टी उघडून पाहाल तर आतली नळी मधल्या भागात चौकोनी दिसेल. चारही बाजूंवर पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यावर सुईसारख्या बारीक रोलरांच्या माळा. सगळा भार या रोलरांवर, म्हणजे नळी घासत नाही, गडगडत सरकते. चौकोनी असल्यामुळे ती पिळवटतही नाही, मग दुसऱ्या पायाचं कामच उरत नाही. आमच्या पुण्याच्या टेकड्यांवर मुरमात सुटे दगड असतात, मुठीएवढे, लिंबाएवढे. ब्रेक धरून तिथून उतरताना हँडलमध्ये जो फरक जाणवतो, त्याच्यासाठी मी ही सगळी खटपट केली. ही हौस दिखाव्यासाठी आहे असं काहींना वाटतं, त्यांनी एकदा तो उतार उतरून पाहावा.

आता बसवण्याचं. जुना, दोन क्लॅम्पचा लेफ्टी मुळात कॅननडेलच्या रुंद हेड ट्यूबसाठी केलेला. माझ्या फ्रेमची हेड ट्यूब 1⅛ इंचाच्या मापाची, म्हणून त्या मापाचा वेगळा स्टीअरर (हेड ट्यूबमधून जाणारी नळी) आणि क्लॅम्प मागवावे लागले. हे भाग तयार मिळतात आणि तयारच घ्यावेत. माझी हेड ट्यूब आखूड निघाली, तेवढी जागा भरायला ॲल्युमिनियमची एक रिंग लेथवाल्याकडून करून घेतली. स्टीअरर मात्र लेथवर करवून घेऊ नका, कितीही चांगला टर्नर ओळखीचा असला तरी. दोन क्लॅम्पमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून हेड ट्यूब फार लांब असेल तर विषय तिथेच संपतो. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहायचं, कारण जाड नळी फ्रेमवर आपटू शकते. उंचीही जुळली पाहिजे. फोर्क 20 मिलिमीटरने उंच झाला की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एका अंशाने मागे झुकतो आणि सायकल वळायला आळशी होते. दोन क्लॅम्पचा फोर्क चालेल की नाही हे फ्रेम बनवणाऱ्याला आधी विचारून घ्या. बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात.

हब (चाकाचा मधला भाग) खास लेफ्टीचाच लागतो, त्यामुळे चाक नव्याने विणावं लागलं. आमच्या सायकलवाल्याने नेहमीच्याच शांतपणे स्पोक ओढून त्याचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढला. ब्रेकची डिस्क (चकती) डावीकडे असते, म्हणजे चाक आणि पाय यांच्या मध्ये. त्यामुळे चाक उतरवायचं तर आधी ब्रेकचा कॅलिपर (डिस्क आवळणारा भाग) सोडायचा. मग हबचा बोल्ट फिरवायचा. तो आधी सैल होतो, मग पुन्हा घट्ट लागतो, आणि तसाच फिरवत राहिलं की तोच हबला बाहेर ढकलतो. पहिल्यांदा हे करताना माणूस दचकतो. पंक्चर काढायला मात्र चाक उतरवावंच लागत नाही. उजवीकडून टायर सोडा, ट्यूब ओढा, झालं.

देखभाल जास्त आहे. जुन्या लेफ्टीतल्या रोलरांच्या माळा चालवता चालवता जागेवरून थोड्या थोड्या सरकतात आणि ट्रॅव्हल (फोर्क दबण्याचं अंतर) कमी होत जातो. मग फोर्कच्या आतली हवा पूर्ण सोडून तो शेवटपर्यंत दाबायचा, जोराने पूर्ण ताणायचा, की त्या जागेवर येतात. आत चिखलपाणी जाऊ नये म्हणून रबरी भाता असतो, पण पावसाळ्यानंतर तो सोडून आत पाहणं आणि ग्रीस बदलणं मी कधी टाळत नाही. रोलरांना गंज लागला तर सगळी मजा गेली.

2018 मध्ये आलेल्या लेफ्टी ओचोला दोन क्लॅम्पऐवजी हेड ट्यूबखाली एकच क्राउन (पकड) आहे आणि आतली नळी त्रिकोणी. तो टेपर्ड (खाली रुंद, वर अरुंद) हेड ट्यूबमध्ये इतर फोर्कसारखाच बसतो, म्हणून आज कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर मी त्याच्याकडेच बोट दाखवेन. हब मात्र तिथेही लेफ्टीचाच लागतो. आणि ज्याला स्वतः पाना हातात घ्यायचा कंटाळा आहे, त्याला मी साधा दोन पायांचा चांगला फोर्कच सुचवतो. लेफ्टी उघडणारा माणूस प्रत्येक गावात सापडत नाही.